कोऱ्या रकान्यांचं वाचन

"सही करू नका."

नीलिमा माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. बोलताना ती हसत होती. हातात पेढ्यांचा डबा होता. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ती आमचं अभिनंदन करते आहे.

नीलिमाला जाऊन दोन वर्षं झाली. ते लिहायला मी बसलो नाही. ती भेटली कशी, ते लिहायचं आहे.

सात वर्षांपूर्वी, नवरात्र नुकतं बसलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यात फिटर. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी आणि आई, दोघंच. आई दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची, नागपूरला. रेल्वेला इतकी गर्दी की आदल्या साली ती गोंदियापर्यंत दारापाशी उभी होती. परत आली तेव्हा गुडघा सुजलेला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी आईला आपल्या गाडीनं न्यायचं. वर्षभर जमवून एक लाख रुपये कारच्या शोरूममध्ये भरले. बाकी कर्ज.

त्या शोरूममध्ये एक पितळेची घंटा होती. गाडी मिळाली की त्या घरच्यांनी घंटा वाजवायची, सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवायच्या, मग हातभर लांब पुठ्ठ्याची चावी धरून फोटो काढायचा. बुकिंगच्या दिवशी आईनं हे पाहिलं. तेव्हापासून घरी तोच विषय.

"यशा, घंटी मी वाजवीन हं."

"तूच वाजव."

"तू मधात हात लावू नको."

डिलिव्हरीच्या दिवशी अनिमेष नावाच्या सेल्समननं माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. "सर, यहाँ, यहाँ और यहाँ. बस. आंटीजी, आप चावी पकड़िए, फोटोवाला आ गया."

आई पदर नीट करू लागली. मी पेन उचललं. समोरच्या फायनान्सच्या टेबलावर निळ्या कुर्त्यातली एक मुलगी बसली होती. केसांच्या अंबाड्यात तिनं पेन खोचलेलं होतं. आम्ही मायलेक मराठीत बोलत होतो ते तिनं ऐकलं असावं. ती उठली, डबा घेऊन आली, आणि म्हणाली ते वर लिहिलंच आहे. पुढं म्हणाली, "रकाने कोरे आहेत. हसा… मी बधाई देऊन राहिली असं दिसलं पाहिजे."

मला हसायला सुचलं नाही. आई हसली. इतकी छान हसली की फोटोवाल्यानं एक फोटो काढून घेतला.

"क्या बोल रही हो, मैडम?" अनिमेषनं विचारलं.

"बधाई दे रही हूँ, सर."

मी कागद पाहिला. व्याजाचा दर लिहायच्या जागी काही नव्हतं. हप्त्याच्या जागीही नाही. पेन हातात तसंच राहिलं. आता काय करायचं, हे मला कळेना. आईला कळलं. तिनं पुठ्ठ्याची चावी सोफ्यावर ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"यशा… मले गरगरून राहिलं."

लिंबाचं सरबत आलं. आईनं पूर्ण ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून गरगरते."

"बस एक साइन, सर, दो मिनट—"

पण आईनं माझ्या खांद्यावर मान टाकली होती. मी तिला धरून बाहेर आणलं. काचेआडून कुणी पाहत नाही अशा जागी आल्यावर ती सरळ झाली आणि ऑटोच्या दिशेनं तरातरा चालू लागली.

"आई, गुडघा!"

"गुडघा घरी जाऊन दुखीन. ती पोट्टी कोण होती?"

"मले काय ठाऊक?"

"मग ठाऊक करून घे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेतली आणि बारा वाजता शोरूमच्या समोर जाऊन बसलो. तिथं एक बाई चीला विकायची. तांदळाचं गरम घावन आणि टमाट्याची चटणी. दीड वाजला तेव्हा मागून आवाज आला.

"किती प्लेटा झाल्या?"

"तीन."

"तरीच. अर्धं शोरूम काचेतून पाहून राहिलं तुम्हाला. तिकडं चला, झाडाच्या मागं."

झाडामागं उभं राहून तिनं चीला घेतला. आजही केसांत पेन तसंच होतं. मी म्हटलं, "मी यशदीप. यशदीप रामटेके."

"माहीत आहे. तुमचा फॉर्म माझ्याच टेबलावर आहे. त्यात तेवढंच भरलेलं आहे." मग ती म्हणाली, "मी नीलिमा. तुम्हाला व्याज किती सांगितलं?"

"सात टक्के."

"तुम्ही हप्ते भरत जाल, तसं कर्ज कमी होत जाईल ना?" तिनं चील्याचा एक तुकडा तोडून खाल्ला आणि प्लेट माझ्यापुढं धरली. "आता प्लेटमध्ये एवढंच उरलं. पण हे लोक पाच वर्षं भरल्या प्लेटचंच व्याज घेतात. शेवटचा घास राहिला तरी भरली प्लेट. सात म्हणतात, पण पडते साडेबारा. म्हणून रकाना कोरा ठेवतात. घंटी वाजते, टाळ्या वाजतात, फोटो निघते… त्या गडबडीत कोण वाचते? सही झाली की मग भरतात."

"भरते कोण?"

ती खाली पाहत म्हणाली, "चटणी संपली." आणि चटणी आणायला गेली.

ती परत आल्यावर मी म्हटलं, "एक गोष्ट मीही पाहिली काल. ती गाडी नवी नाही."

"नवी नाही म्हणजे? मीटर बारा किलोमीटर दाखवते."

"आईची चप्पल घसरली म्हणून मी वाकलो. चाकाच्या वर, आतून, लाल मुरूम वाळलेला आहे. चाकाच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत. कमीत कमी दोनदा चाकं निघाली आहेत. मीटर मागं फिरवता येते. मुरूम कसा फिरवणार?"

ती खायची थांबली. "टेस्ट ड्राइव्हची असेल… अभनपुरकडं पाठवत होते ती. देवा! हे मलेही माहीत नव्हतं." मग माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुम्ही नेहमी गाडीच्या खाली पाहता?"

"वॅगनच्या खालीच नोकरी आहे माझी. वरून सगळ्याच चांगल्या दिसतात."

"मग माणसाचं कसं करता?"

"माणसाला वेळ द्यावा लागते. बोलता बोलता दिसते."

"माझं काय दिसलं?"

"डोक्यात पेन आहे. काढायचं विसरता."

तिचा हात पटकन अंबाड्यावर गेला. पेन काढलं, पाहिलं… आणि ती हसली. काल हसली होती ते अनिमेषसाठी. आजचं हसणं वेगळं होतं. मी चौथी प्लेट मागवली. भूक मुळीच नव्हती.

"तुम्ही मले काहून सांगितलं?" मी विचारलं.

"तुमची आई फोटोसाठी पदर सारखा करून राहिली होती म्हणून." तिनं प्लेट खाली ठेवली. "खरं सांगू? रोज तीन-चार घरं सही करून जातात. मी पाहत बसते. हिंदीत सांगितलं तर अख्खं शोरूम ऐकते. तुम्ही मराठीत बोलले म्हणून सांगता आलं. पण बाकीचे मराठी नाहीत, हा काय त्यांचा गुन्हा आहे?"

"नोकरी सोडून द्या."

"माझ्या मार्कशीटा त्यांच्या कपाटात आहेत. दहावीपासून बीकॉमपर्यंत, सगळ्या ओरिजिनल. रुजू होताना जमा करून घेतल्या. मी एका बँकेची परीक्षा पास झाली आहे. पुढच्या महिन्यात कागद दाखवायचे आहेत. इथं तोंड उघडलं की त्या कपाटाची चावी हरवते. मागच्या वर्षी एका पोरीची हरवली होती."

माझा एक लाख अडकला होता, तिचं सगळं शिक्षण अडकलं होतं. आणि तिनं आपलं सगळं शिक्षण पेढ्याच्या डब्यासोबत माझ्यापुढं धरलं होतं.

त्यानंतर ती दोनदा बुढा तालाबावर भेटली. तक्रारीचा कागद लिहायला, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. कागद पहिल्याच दिवशी लिहून झाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "संध्याकाळी काय करता तुम्ही?"

"वाचतो."

"काय?"

मग तिला सांगितलं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडं वर्षावास असतो. तीन महिने रोज संध्याकाळी कॉलनीच्या विहारात एकानं ग्रंथ मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. आधी बाबा वाचायचे. बाबा गेल्यावर लोकांनी ग्रंथ माझ्या हातात दिला.

"मले ऐकायचं आहे," ती म्हणाली.

ती आली. आईच्या बाजूला सतरंजीवर बसली. मी वाचत होतो आणि आई नेहमीसारखी मधे मधे बोलत होती. "थांब. हे काय म्हणते?" मग मी थांबायचो, सांगायचो, पुढं जायचो. त्या दिवशी एक ओळ मी दोनदा वाचली. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. आईनं घरी जाताना विचारलं, "आज दोन-दोनदा काहून वाचून राहिला होता रे?"

नीलिमा मात्र दारापाशी चपला घालताना म्हणाली, "शोरूममध्ये असं वाचलं असतं तुम्ही…" आणि वाक्य अर्धंच सोडून दिलं.

ते मी रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात दिवसभर डोक्यात घोळवलं. मग तिला फोन केला. "अष्टमीला किती गाड्यांची डिलिव्हरी आहे?"

"अकरा. काहून?"

"मी आणि आई येतो. मी फक्त वाचीन. तुमचं नाव येणार नाही. तुमच्याकडं पाहणारही नाही."

"पाहायचंच नाही?" ती म्हणाली. मग लगेच, "नाही, बरोबर आहे. नका पाहू."

अष्टमीला शोरूम झेंडूच्या माळांनी भरलं होतं. अकरा गाड्या, अकरा घरं, लेकरं, म्हातारी माणसं, नारळ. अनिमेषनं आमचे कागद आणले. "आंटीजी, तबीयत ठीक?"

"एकदम बढ़िया," आई म्हणाली आणि मांडी घालून सोफ्यावर बसली, विहारात बसते तशी.

मी कागद हातात धरला, उभा राहिलो आणि वाचायला लागलो. हिंदीत. विहारात शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला ऐकू जावं तेवढ्या आवाजात.

"मैं नीचे सही करनेवाला, इस करार की सारी शर्तें पढ़कर और समझकर मंजूर करता हूँ. कर्ज़ की रकम — खाली. ब्याज की दर — खाली. किस्तों की संख्या — खाली. हर महीने की किस्त—"

"थांब," आई म्हणाली. मग हिंदीत, "रुक बेटा. खाली काहे को है?"

"पता नहीं, आई. खाली है."

"तो फिर समझकर मंजूर क्या किया तूने?"

बाजूच्या सोफ्यावर अभनपुरचे भैय्यालाल नावाचे गृहस्थ बसले होते, धान्याचे व्यापारी, पांढरी मिशी. त्यांनी आपले कागद उलटून पाहिले. "मोर म घलो खाली हे," ते म्हणाले. म्हणजे त्यांचेही रकाने कोरेच. त्यांच्या पलीकडच्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. मी वाचत राहिलो. विम्याची रक्कम, खाली. इतर खर्च, खाली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

मॅनेजर हसत हसत आले. "अरे, ये तो फॉर्मेलिटी है, भाई साहब. बाद में कंप्यूटर से भर जाता है. नीलिमा! ज़रा समझाइए सबको."

तिच्याकडं पाहणार नाही असं मी म्हटलं होतं. पण पाहिलं.

ती उभी राहिली होती. तिला एवढंच म्हणायचं होतं — हाँ, फॉर्मेलिटी है. तीन शब्द. पुढच्या महिन्यात कागद घेऊन बँकेत गेली असती. तिनं अंबाड्यातलं पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"कंप्यूटर नहीं भरता," ती म्हणाली. हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मैं भरती हूँ. आठ महीने से मैं ही भर रही हूँ. आपको सात बताते हैं, मुझे पर्ची पर साढ़े बारह लिखकर देते हैं. कोरे कागज़ पर साइन मत कीजिए. किसी को नहीं करना चाहिए."

भरते कोण, असं मी विचारलं होतं तेव्हा चटणी का संपली, ते मला तेव्हा कळलं.

मॅनेजरचं हसू गेलं. "कल से मत आना. और सर्टिफिकेट भूल जाओ."

मग भैय्यालाल यांनी सावकाश आपलं पेन खिशात ठेवलं. "पहिली नोनी के कागज दे," ते म्हणाले. "तेखर बाद हमर गोठ होही."

आधी पोरीचे कागद द्या, मग आमच्याशी बोला. पेन काढून घेणारी बाई म्हणाली, "हाँ, पहले उसके कागज़." मग आणखी कुणीतरी. अष्टमीच्या दिवशी अकरा घरं सही न करता बसून राहिली होती. कपाटाची चावी सापडायला वीस मिनिटं लागली. लाल फाईल आली. नीलिमानं ती टेबलावर उघडली.

"नीट पाहून घे, पोरी," आई म्हणाली. "दहावी?"

"आहे."

"बारावी?"

"आहे."

"बीकॉम?"

"तिन्ही आहेत, मावशी."

"मग चल." आणि जाता जाता आईनं ती पितळेची घंटा वाजवली. एकदाच, पण जोरात.

गाडी काही मिळाली नाही. नवमीला आम्ही पुन्हा रेल्वेनंच निघालो. नीलिमा स्टेशनवर आली होती, आईसाठी दशम्या घेऊन. आईला खिडकीजवळ जागा मिळाली होती आणि ती मुद्दाम दुसऱ्या बाजूला पाहत बसली होती.

"मी भरत होती… हे आधीच सांगायला पाहिजे होतं," नीलिमा म्हणाली.

"हाव."

"राग आला?"

"आला."

"किती?"

मी विचार करून सांगितलं. "गोंदियापर्यंत टिकेल."

तिनं मान खाली घातली, पण गालात हसू आलेलं दिसलं. "मग परत येताना?"

"परत येताना रिकाम्या हातानं येतो."

"कधी?"

"परवा. दुपारच्या गाडीनं."

"मी येते," ती म्हणाली. "राग उतरला की नाही, पाहायला लागेल ना कुणाला तरी."

गाडी हलली. आईनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "दुपारची गाडी लेट असते, पोरी! आरामानं ये."

राग गोंदियापर्यंतही टिकला नाही. डोंगरगडला आईनं दशम्या सोडल्या, तिथंच संपला.

नीलिमाला बँकेची नोकरी लागली. पण ती आठ महिने तिच्या डोक्यातून गेले नाहीत. तिनं भरलेल्या फॉर्मांवरची नावं तिला पाठ होती. वही करून तिनं ती लिहून काढली, आणि दर रविवारी आम्ही माझ्या मोटरसायकलवर एकेका घरी जायला लागलो. गोल बाजारात एक भांडेवाले, एक शिक्षिका, अभनपुरला दोघं भाऊ. ती दारात उभी राहायची आणि सांगायची, तुमचा फॉर्म मी भरला होता, तो चुकीचा होता, तक्रार करायची असेल तर मी लिहून देते. भांडेवाल्यानं तिला वाटेल ते सुनावलं. ती ऐकत उभी राहिली. शेवटी त्यानंच खुर्ची दिली आणि कागद आणले. मी मोठ्यानं वाचायचो, ती टिपून घ्यायची.

"लोक रविवारी पोरीला कुठं कुठं फिरवतात," ती मागच्या सीटवरून म्हणायची. "तू मले लोकांच्या शिव्या खाऊ घालते."

"सोबत चीलाही खाऊ घालतो."

"तोही माझ्याच पैशानं."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. ती म्हणायची भांडेवाल्याच्या दुकानात, मी म्हणायचो स्टेशनवर. यावर आम्ही लग्नानंतरही भांडलो.

ग्राहक मंचाकडून माझा लाख परत यायला सात महिने लागले. बहुतेकांचं व्याज कमी झालं. काहींचं नाही झालं. ती नावं तिनं वहीत शेवटपर्यंत तशीच ठेवली होती, खोडली नाहीत.

पुढच्या दसऱ्याच्या आधी आम्ही एका रिटायर झालेल्या मास्तरांची वापरलेली गाडी पाहायला गेलो. परतीचा पाऊस भुरभुरत होता. मी सतरंजी अंथरून गाडीखाली गेलो. नीलिमा मास्तरांच्या ओट्यावर बसून कागद पाहत होती.

"काय म्हणते खालून?" तिनं विचारलं.

"खरं बोलते. वरून?"

"कागदही खरं बोलतात. फक्त फोटोत मास्तर तरुण दिसतात."

गाडी घेतली. मास्तरांकडं घंटा नव्हती, म्हणून आईनं घरून सायकलची घंटी आणली होती. ती घेऊन ती मागच्या सीटवर बसली आणि पाच मिनिटांत डोळे मिटून घेतले. मी गाडी सुरू केली नाही. खिशातून कागद काढला आणि नीलिमाला दिला.

"हे काय?"

"फॉर्म आहे."

"कोऱ्या कागदावर मी सही करत नाही."

"म्हणून भरून आणला."

टपावर पाऊस वाजत होता. तिनं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागली, अगदी माझ्यासारखी नक्कल करत.

"अर्जदार — यशदीप रामटेके. नोकरी — फिटर. घरात माणसं — आई, एक. मधे मधे बोलते. अर्जदाराचे दोष — घोरतो. भात कच्चा ठेवतो. राग येतो, पण गोंदियापर्यंत पोचत नाही. व्याज — नाही. लपलेला खर्च…" ती थांबली. "लपलेला खर्च — चीला, दर रविवारी." आवाज जरा बदलला होता. "सोबत राहण्याची मुदत—"

पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

"मुदत खाली आहे," ती हळू म्हणाली.

"हाव."

"खाली काहून?"

"ते… मले भरता नाही आलं. किती लिहायचं, कळलंच नाही."

ती बाहेर पाहत राहिली. काचेवरून थेंब एकामागं एक उतरत होते. "अख्ख्या रायपूरले मी सांगत फिरते, कोऱ्या रकान्यावर सही करू नका. आणि तू मलेच—"

"थांब," मागून आवाज आला. आईचे डोळे मिटलेलेच होते. "रकाना खाली काहून आहे?"

नीलिमानं अंबाड्यातलं पेन काढलं. "राहू द्या, मावशी," ती म्हणाली. "हा एक कोरा चालते."

आणि तिनं सही केली. आईनं सायकलची घंटी इतका वेळ वाजवली की मास्तर छत्री घेऊन बाहेर आले.

तिचे वडील अनंतराव ब्राह्मणपाऱ्यात राहायचे. त्यांच्या भिंतीवरचे फोटो वेगळे, आमच्या वेगळे. तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस आपल्या स्कूटरच्या विम्याचे कागद घेऊन आले आणि म्हणाले, "जरा वाचून दाखवता का?" ते अजूनही येतात. आता कागद नसले तरी येतात.

चार वर्षं आम्ही त्या गाडीनं नागपूरला गेलो, चौथ्या वर्षी अनंतरावही सोबत होते. पाचव्या वर्षी पावसाळ्यात नीलिमाला डेंग्यू झाला आणि नऊ दिवसांत सगळं संपलं. त्या दसऱ्याला मी गेलो नाही. मागच्या दसऱ्यालाही नाही.

यंदा आई म्हणाली, "गुडघा दुखून राहिला. रेल्वेनं नाही जात मी." गुडघा खरंच दुखत होता की नाही, कोण जाणे. मी गाडीखाली जाऊन पाहिलं, तेल बदललं आणि नवमीला पहाटे निघालो. तिची वही मी आता चालवतो. रविवारी लोक गाडीचे कागद घेऊन सही करायच्या आधी आमच्याकडं येतात. मी वाचतो, आई मधे बोलते. गेल्या महिन्यात एक नवीन जोडपं आलं होतं, त्यांना कोऱ्या रकान्यावरून आईनं असं झापलं की पोरगी हसायला लागली आणि पोरगा तिच्याकडं पाहत राहिला. मी त्या दिवशी कागद दोनदा वाचला, त्यांना वेळ मिळावा म्हणून.

महाराष्ट्रात शिरल्यावर, देवरीच्या पुढं, एका पोलिसानं गाडी थांबवली. कागद मागितले. मी पुढच्या खणातून सगळे काढून दिले. तो एकेक पाहत गेला.

"आरसी ठीक. इन्शुरन्स ठीक. पीयूसी ठीक…" मग घडी घातलेला एक जुना कागद उघडला. "हे काय आहे?"

"तेही या गाडीतलंच आहे," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. ओठ हलत होते. एका जागी त्याला हसू आलं, बहुतेक भाताच्या ओळीवर. खालची सही पाहिली. मग माझ्या बाजूची रिकामी सीट पाहिली.

"यात मुदत लिहिली नाही," तो म्हणाला.

"नाही."

मागून आई काही बोलली नाही. पहिल्यांदाच.

पोलिसानं कागद होता तसाच, जुन्या घडीवर घडी घालून, माझ्या हातात दिला.

"मग चालूच आहे म्हणायचं," तो म्हणाला. "जा."

"हाव," मी म्हटलं. "चालूच आहे."

आणि गाडी सुरू केली.